कृमी की अम्ल? दंतक्षयाच्या शोधाची कथा

दाढ ठणकू लागली म्हणजे आपल्या तोंडून पहिले वाक्य निघते ते "दाढेला कीड लागली" हेच. किडका दात, किडकी दाढ हे शब्दप्रयोग आपण इतक्या सहजपणे करतो की, त्यांत एक अतिप्राचीन वैद्यकीय मत दडलेले आहे याचे भान बोलणारास क्वचितच असते. ते मत असे की, दातात एक कृमी शिरतो, तो दात आतून पोखरतो आणि त्याच्या कुरतडण्याने वेदना होतात. धान्याला सोंडे लागतात, लाकडाला भुंगा लागतो, तद्वत दातालाही काहीतरी लागत असले पाहिजे, हे अनुमान डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवरूनच केलेले असल्यामुळे त्याला हसण्याचे कारण नाही. तथापि दात पोखरणारे खरोखर कोण, या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास मानवाला काही सहस्र वर्षे लागली. त्या शोधाची हकीकत उद्बोधक तर आहेच. परंतु तिच्या अखेरच्या टप्प्यावर एक प्रकरण असेही आहे की, ते वाचताना मान खाली जाते. शोधाचा मोठेपणा आणि त्यासाठी मोजलेली किंमत, ही दोन्ही वाचकांपुढे ठेवावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दंतकृमीची कल्पना कोणा एका देशाची नव्हे. मेसोपोटेमियातील मृत्तिकापट्टांवर दाढदुखीचा एक मंत्र कोरलेला आढळतो. त्यात सृष्टीच्या आरंभीची कथा आहे. कृमी देवतांपुढे रडत येतो व आपणास अन्न कोणते, असे विचारतो. देवता त्याला पिकलेली फळे देऊ करतात; तो ती नाकारतो आणि माणसाच्या दात व हिरड्यांमध्ये राहण्याची अनुज्ञा मागतो. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, सोळाव्या अध्यायात, मुखातील पासष्ट रोग सांगितले आहेत. त्यांत 'कृमिदन्तक' हा एक आहे. दात काळा पडणे, त्याला छिद्र पडणे, तो हलू लागणे, त्यातून स्राव होणे आणि उघड कारणावाचून तीव्र वेदना होणे, अशी त्याची लक्षणे दिली आहेत. गंमत अशी की, रोगाचे नाव कृमीवरून पडलेले असले तरी सुश्रुताने त्याचे कारण म्हणून वाताचा निर्देश केला आहे. लोकांत रूढ असलेले नाव ग्रंथकाराने स्वीकारले आणि उपपत्ती मात्र आपल्या शास्त्राप्रमाणे लावली, असे यावरून दिसते. आयुर्वेदात दंतधावनाचा विचारही बारकाईने केलेला आहे. चरकाने ते दिवसातून दोन वेळा करावे असे सांगून त्यासाठी कडू, तिखट व तुरट रसांच्या काड्या सुचविल्या आहेत.

या गूढावर पहिला प्रकाश पडला तो हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी. अंतोनी फान लेव्हेनहूक हा तेथील कापडाचा व्यापारी. विद्यापीठाचे तोंडही त्याने पाहिले नव्हते. परंतु स्वतः भिंगे घासून त्यांतून सूक्ष्म वस्तू पाहण्याचा त्याला विलक्षण नाद होता. 17 सप्टेंबर 1683 रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या दातांमधील पांढऱ्या, पिठूळ मळाचे वर्णन केले आहे. तो रोज सकाळी मिठाने दात घाशी. त्याचे दात वयाच्या मानाने स्वच्छ होते. तरीही तो मळ पावसाच्या पाण्यात कालवून भिंगाखाली धरताच त्याला त्यात असंख्य जीव वळवळताना दिसले. ज्याने जन्मात कधी तोंड साफ केले नव्हते, अशा एका वृद्धाच्या दातांवरील मळही त्याने तपासला. तेथे तर जीवांची दाटीच होती. आपल्या एका तोंडात साऱ्या नेदरलँड्सच्या लोकसंख्येहून अधिक जीव राहतात, असे त्याने लिहून ठेवले. त्याने मळावर शिरक्याचा प्रयोगही केला. शिरक्याने जीव मरत. परंतु मळाच्या आतल्या भागात दडलेले मात्र जिवंत राहत, हेही त्याच्या ध्यानात आले. दातांवरचा थर आपल्या आतील जीवांना आश्रय देतो, ही गोष्ट त्याने त्या काळी टिपली, हे आज वाचताना नवल वाटते. परंतु हे जीव दात नासवितात, असे त्याने म्हटले नाही. आणि पुढील दोनशे वर्षे दुसऱ्या कोणी तसे सिद्धही करून दाखविले नाही.

मधल्या काळात जुना कृमी मात्र हळूहळू निष्प्रभ होत गेला. पॅरिसचा प्रख्यात दंतवैद्य पिएर फोशार याने 1728 साली दंतशास्त्रावर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. किडलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही आपणास कृमी आढळला नाही, हे त्याने स्पष्टपणे सांगितले, आणि साखर व मिठाया यांनी दातांना अपाय होतो, असा इशाराही दिला. 1757 साली जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथील याकोब क्रिस्तियान शेफर या धर्मोपदेशकाने 'दातांतील काल्पनिक कृमी' या विषयावर एक पुस्तिकाच लिहिली. त्या काळी युरोपात खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी दाताला देऊन 'कृमी' पाडण्याची चाल होती. शेफरने ते पडलेले कृमी तपासले, तेव्हा ते दातातून आलेले नसून उष्णतेने तडकलेल्या बियांतूनच बाहेर पडलेले अंकुर आहेत, असे त्याला आढळले. आपल्या खेड्यांतूनही भुईरिंगणीच्या बियांची धुरी याच हेतूने देत असत, हे जुन्या वाचकांना आठवेल. धुरीने दाढेचा ठणका थोडा वेळ बधिर होई, खाली काहीतरी पडलेले दिसे, आणि कृमीवरील श्रद्धा एका पिढीकडून दुसरीकडे जाई.

कृमी गेला, तर मग दोषी कोण? फोशारने ज्या वस्तूकडे बोट दाखविले, तिच्या नावाचा उगम आपल्याच भूमीत आहे. उसाचा रस आटवून त्याचे दाणे पाडण्याची विद्या प्राचीन भारताची. संस्कृतातील 'शर्करा' हा शब्द फारसीत 'शकर' व अरबीत 'सुक्कर' होऊन युरोपच्या भाषांत शिरला. मध्ययुगीन युरोपात साखर औषधासारखी तोळ्या-माशांनी विकली जाई. श्रीमंतांच्या ताटात ती आधी गेली आणि दात काळे होण्याचा मानही आधी त्यांनाच मिळाला. 1598 साली पाउल हेंट्झनर हा जर्मन प्रवासी ग्रिनिच येथे एलिझाबेथ राणीच्या दरबारी गेला होता. राणीचे दात काळे होते, आणि साखरेच्या अतिसेवनामुळे हा दोष इंग्रजांत आढळतो, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. पुढे कॅरिबियन बेटांवरील ऊसमळ्यांत गुलामांच्या श्रमावर साखर स्वस्त झाली. 1874 साली ब्रिटनने साखरेवरील जकात उठविली आणि ती गोरगरिबांच्या चहातही पोहोचली. इंग्लंडमधील जुन्या दफनभूमींतील सांगाडे तपासता एकोणिसाव्या शतकात दंतक्षयाचे प्रमाण झपाट्याने वाढल्याचे दिसते. साखर आणि दंतक्षय यांचा संबंध असा उघड होता; परंतु साखर तर मऊ आणि विरघळणारी. ती शरीरातील सर्वांत कठीण पदार्थाला भोक कशी पाडते, हे कोडे कायमच होते.

या कोड्याची किल्ली दातांच्या दवाखान्यात सापडली नाही. ती सापडली आंबण्याच्या क्रियेत. 1857 साली फ्रान्समधील लील येथे लुई पाश्चर याने असे दाखवून दिले की, साखरेपासून दुग्धाम्ल बनते ते आपोआप नव्हे. ते सजीव सूक्ष्मजंतूंचे कार्य आहे. आपल्या घरातील कोणतीही गृहिणी हा प्रयोग रोज रात्री करीत असते. कोमट दुधात चमचाभर विरजण घातले की त्यातील जंतू दुधातील साखर खातात, दुग्धाम्ल बाहेर टाकतात आणि सकाळपर्यंत दही लागते. उष्णतेच्या दिवसांत ते लवकर आंबते, कारण ऊब जंतूंना मानवते. ऊब, ओलावा आणि साखर या तिन्ही गोष्टी जेथे सदैव मिळतात, असे दुसरे एक पात्र माणसापाशी असते. ते म्हणजे त्याचे तोंड.

हा धागा पकडण्याचे श्रेय विलोबी डेटन मिलर या अमेरिकनाकडे जाते. ओहायो राज्यात 1853 साली जन्मलेला मिलर मूळचा गणित व भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. पुढील अभ्यासासाठी तो बर्लिनला गेला. तेथे एका अमेरिकन दंतवैद्याच्या सहवासाने त्याला दंतशास्त्राची गोडी लागली. अमेरिकेस परत जाऊन त्याने ती विद्या संपादन केली, त्या दंतवैद्याच्या कन्येशी विवाह केला आणि 1884 साली तो बर्लिन विद्यापीठाच्या दंतशाळेत प्राध्यापक झाला. रॉबर्ट कॉख याच्या जंतुशास्त्राने त्या वेळी बर्लिन दुमदुमत होते. मिलरने त्या शास्त्राच्या पद्धती मुखाच्या अभ्यासास लावल्या.

त्याचे प्रयोग साधे आणि म्हणूनच निर्णायक होते. उपटलेला दात, थोडी लाळ आणि पाव किंवा साखर हे त्याने नळीत घालून शरीराच्या उष्णतेत ठेवले. काही काळाने दातातील क्षार विरघळून तो मऊ पडला. दुसऱ्या नळीत पावाऐवजी मांस किंवा चरबी घातली. दात शाबूत राहिला. तिसऱ्या नळीत पाव होता, परंतु लाळ आधी उकळून घेतली होती; तेथेही दाताला काही झाले नाही. म्हणजे नुसती साखर दात विरघळवीत नाही आणि नुसते जंतूही विरघळवीत नाहीत. दोन्ही एकत्र आले म्हणजे अम्ल उत्पन्न होते, आणि ते अम्ल आपले काम करते. 1890 साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या मानवी मुखातील सूक्ष्मजंतूंवरील ग्रंथात त्याने हा सिद्धान्त सविस्तर मांडला. प्रथम अम्ल दाताचे क्षार विरघळवते आणि त्यानंतर जंतू आतील मऊ भाग खाऊन टाकतात, असे त्याचे प्रतिपादन होते. मिलरची एक उणीव मात्र राहिली. लाळेत सर्वत्र पसरणारे अम्ल दातावर ठराविक जागीच खड्डा का पाडते, हे त्याला उकलले नाही. 1897 च्या सुमारास लिऑन विल्यम्स व ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी दातांवर घट्ट चिकटून राहणाऱ्या जंतूंच्या थराकडे लक्ष वेधले. अम्ल त्या थराच्या आड, दाताला लागूनच तयार होते. म्हणून लाळ त्याला चटकन धुऊन नेऊ शकत नाही. लेव्हेनहूकच्या शिरक्यापासून बचावलेले जीव याच थराच्या आत दडले होते.

आता या क्रियेचे स्वरूप थोडक्यात पाहू. दाताचे बाह्य कवच म्हणजे दंतवल्क. त्याच्या वजनाचे सुमारे 96 टक्के कॅल्शियम व फॉस्फेट यांचे खनिज असते. जंतूंना साखर मिळाली की ते तिच्यापासून आपल्या जगण्यापुरती शक्ती काढून घेतात. ग्लुकोजच्या एका रेणूपासून दुग्धाम्लाचे दोन रेणू तयार होतात आणि जंतू ते बाहेर टाकतात. आपल्या नेहमीच्या साखरेचा आणखी एक अवगुण असा की, काही जंतू तिच्यापासून डिंकासारखा चिकट पदार्थ बनवितात आणि त्याच्या आधाराने दातावर ठाण मांडतात. अम्लता मोजण्याचे पीएच नावाचे मान आहे. शुद्ध पाण्याचा अंक सात. अंक जसजसा खाली येतो, तसतशी अम्लता वाढते. साधारणतः 5.5 च्या खाली गेले की दंतवल्कातील खनिज विरघळू लागते.

अमेरिकेतील रॉबर्ट स्टीफन याने 1940 व 1944 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ही घटना प्रत्यक्ष तोंडात मोजून दाखविली. ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरताच दातावरील थराचा पीएच काही मिनिटांतच घसरला आणि पूर्वपदावर येण्यास अर्धा ते एक तास लागला. या परतीच्या वाटेवर काम करणारी शक्ती म्हणजे लाळ. ती अम्लाचा उपशम करते, आणि तिच्यातील कॅल्शियम व फॉस्फेट दाताची झीज काही अंशी भरून काढतात. फ्लोराइड याच भरपाईला साहाय्य करते. दात म्हणजे दगडाची मूक वस्तू नव्हे. दर भोजनागणिक तो थोडा झिजतो व थोडा भरून निघतो. भरून निघण्यास अवधी मिळाला नाही, म्हणजे खड्डा पडतो.

जंतूंवाचून दंतक्षय नाही, याचा कडेलोट पुरावा 1954 साली ऑर्लंड व त्याच्या सहकाऱ्यांनी दिला. जन्मापासून पूर्णतः जंतुरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांना त्यांनी भरपूर साखरेचा आहार दिला. त्यांचा एकही दात किडला नाही. 1960 साली पॉल कीज याने हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्यांवर प्रयोग करून दंतक्षय एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, असे दाखविले. 1924 साली लंडनमध्ये किलियन क्लार्क याने किडलेल्या दातांतून 'स्ट्रेप्टोकॉकस म्यूटान्स' हा जंतू वेगळा काढला होता. तो जवळजवळ विस्मृतीत गेला होता. या प्रयोगांनंतर त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेले. आज मात्र एकट्या त्याच्यावर सारा दोष कोणी ठेवीत नाही. वारंवार साखर मिळाल्याने थर आंबट राहतो, त्या आंबटपणात अम्ल सोसणारे जंतू फोफावतात आणि निरुपद्रवी जंतू मागे पडतात, असे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मानले जाते.

आता ते प्रकरण. साखर किती खाल्ली याला महत्त्व आहे, की कशी व कितीदा खाल्ली याला? या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर स्वीडनच्या दक्षिण भागातील विपेहोल्म येथील संस्थेतून आले. बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांना तेथे ठेवीत असत. 1945 साली तेथे आहार आणि दात यांविषयी अभ्यास सुरू झाला आणि 1947 पासून साखरेचे प्रयोग होऊ लागले. चारशेहून अधिक निवासी त्यांत होते. कोणाला जेवणाबरोबर साखरेचे पेय दिले, कोणाला गोड पाव, तर कोणाला जेवणांच्या मधल्या वेळी टॉफी. ही टॉफी दाताला अधिक काळ चिकटून राहावी, अशाच रीतीने मुद्दाम बनविलेली होती. एका गटाला दिवसाला चोवीसपर्यंत टॉफ्या देत. या कार्याला साखर व मिठाईच्या उद्योगाकडूनही द्रव्यसाहाय्य होते.

1954 साली निष्कर्ष सविस्तर प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर पुष्कळ साखर घेतलेल्यांच्या दातांची हानी थोडीच वाढली. मधल्या वेळी चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात मात्र झपाट्याने नासले. टॉफी बंद केल्यावर नव्याने होणारी हानी कमी झाली. स्टीफनने मोजलेली ती अर्ध्या तासाची घसरण येथे माणसांच्या दातांवर उमटलेली दिसते. दर टॉफीबरोबर नवी घसरण, आणि लाळेला उसंतच नाही. स्वीडनमध्ये पुढे मुलांनी मिठाई केवळ शनिवारी खावी, असा प्रचार झाला आणि तो तेथील घराघरांत रूढ झाला. जगभरातील दंतवैद्य आज जो उपदेश करतात, त्याचा एक मोठा आधार विपेहोल्म हा आहे.

परंतु ज्यांच्या दातांवर हे सत्य सिद्ध झाले, त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांना प्रयोगाचा अर्थ कळणे शक्य नव्हते, नकार देणे तर दूरच. हातावर ठेवलेला गोड खाऊ त्यांनी खाल्ला, एवढेच. त्याच 1947 साली न्युरेंबर्ग येथील न्यायालयाने जर्मन वैद्यांच्या क्रूर प्रयोगांचा निवाडा करताना, माणसाच्या स्वेच्छापूर्वक संमतीवाचून त्याच्यावर प्रयोग करू नये, हे पहिले तत्त्व म्हणून नमूद केले होते. विपेहोल्मचे संशोधक क्रूर होते असे नाही. लोकांचे दात वाचावेत, हाच त्यांचा हेतू होता. उत्तम हेतूने केलेल्या कामातही दुर्बळाचा देह साधन होऊ शकतो, हे या प्रकरणावरून शिकावयाचे. पुढे स्वीडनमध्येच या प्रयोगांवर कठोर टीका झाली.

मिळालेले ज्ञान टाकून दिल्याने त्या माणसांचे दात परत येणार नाहीत. ते ज्ञान वापरणे आपल्या हाती आहे, आणि आपल्या आचारांत त्याला जागा शोधणे अवघड नाही. नैवेद्याच्या पानातील गोड पदार्थ जेवणाबरोबर खाल्ला, देवळातील पंचखाद्य तळहातावर घेऊन तेथेच संपविले, तर तोंडाला एकदाच अम्ल सोसावे लागते. त्यानंतर चूळ भरण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची सवय उत्तमच म्हणावयाची. अपाय होतो तो दिवसभर तोंडात घोळविलेल्या खडीसाखरेने, दर तासाला घेतलेल्या गोड चहाने, रडणाऱ्या मुलाला पुनःपुन्हा दिलेल्या गोळीने, आणि बाळाच्या तोंडात रात्रभर राहिलेल्या गोड दुधाच्या बाटलीने. उपवासाच्या दिवशी पोटाला विश्रांती देणारे कित्येकजण गोड चहाचे पाच-सहा पेले घेऊन दातांना मात्र क्षणाची विश्रांती देत नाहीत, ही गोष्टही विचार करण्याजोगी आहे. रात्री निजताना लाळ कमी होते. म्हणून त्या वेळचे दंतधावन चुकवू नये. चरकाने सांगितलेल्या दोन वेळांचे आजही तितकेच महत्त्व आहे.

"दाढेला कीड लागली" असे आपण पुढेही म्हणत राहू. भाषा वैद्यकाच्या हुकमाने बदलत नाही. मात्र ती कीड म्हणजे बाहेरून आलेला कृमी नव्हे. आपण वारंवार साखर पुरवून ज्यांना अम्ल करावयास लावतो, ते आपल्याच तोंडातील रहिवासी होत, हे म्हणताना ध्यानात असावे. जेवणानंतर नातवाच्या हातात दुसरी, तिसरी गोळी ठेवण्यापूर्वी आजी-आजोबांनी क्षणभर थांबून विपेहोल्मच्या त्या निवाऱ्यातील माणसांची आठवण केली, तर त्यांनी न विचारता दिलेल्या दानाचे थोडेसे तरी ऋण फिटेल.